आजोबांच्या व्हायोलिनमधील स्ट्रॅडिव्हेरियसची चिठ्ठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिवाजी पेठेतील एका वाचकांना घराच्या माळ्यावर आजोबांचे व्हायोलिन सापडले. आजोबा बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात कोल्हापुरातील स्टुडिओंच्या वाद्यवृंदात वाजवीत असत. वाद्याच्या आत एक कागद चिकटवलेला असून त्यावर ‘अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस क्रेमोनेन्सिस फॅसिएबट आन्नो 1721’ असा लॅटिन मजकूर (अर्थ: ‘क्रेमोनाच्या अंतोनिओ स्ट्रॅडिव्हेरी या इटालियन कारागिराने 1721 साली घडवले’) आणि खाली बारीक अक्षरांत ‘मेड इन जर्मनी’ असे छापलेले आहे. वरची फळी एका कडेने सुटली आहे आणि तारा पेलणारी घोडी पडली आहे. हे वाद्य अस्सल असू शकेल काय, नसल्यास ते कोणी घडवले असावे, इथे त्याची दुरुस्ती होईल काय, आणि शेजारी मिरजेत एवढी तंतुवाद्ये बनत असताना व्हायोलिन का बनत नाही, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते वाद्य हातात न घेताही देता येते. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने तेथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव लिहिणे बंधनकारक केले, आणि ब्रिटनने त्याआधीच, 1887 मध्ये, मालावरील खुणांविषयी कायदा करून त्याच दिशेने पाऊल टाकले होते. त्यामुळे निर्यातीच्या वाद्यांतील चिठ्ठ्यांवर देशाचे नाव दिसू लागते ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी, आणि ‘मेड इन’ ही शब्दरचना तर बहुधा त्यानंतरची. म्हणजे आपले वाद्य फार तर सव्वाशे वर्षांचे आहे. खरोखर 1721 साली घडलेले ‘लेडी ब्लंट’ नावाचे स्ट्रॅडिव्हेरियस 2011 मध्ये जपानच्या भूकंप-त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी सुमारे 1 कोटी 59 लाख डॉलरना विकले गेले, आणि अशी बातमी आली की घरोघरचे माळे धुंडाळले जातात. मात्र हीच चिठ्ठी लावलेली व्हायोलिने जगात लाखोंच्या संख्येने आहेत.

यावर लोक लगेच ‘म्हणजे नकली!’ असे म्हणतात, ते मला मान्य नाही. त्या चिठ्ठीचा अर्थ त्या काळच्या व्यापारात ‘या नमुन्यावर बेतलेले’ एवढाच होता. विकणाऱ्याला ते ठाऊक होते आणि बहुतेक वेळा घेणाऱ्यालाही. अमेरिकेतील टपाली विक्रीच्या सूचीपत्रांत ‘स्ट्रॅडिव्हेरियस मॉडेल’ काही डॉलरना मिळत असे, त्यात फसवणुकीचा आव नव्हता. फसवणूक सुरू होते ती दोन पिढ्यांनंतर, जेव्हा वाद्य राहते, माणसे जातात आणि कागद तेवढा बोलत राहतो.

हा नमुना कुठून आला, हे थोडे सविस्तर सांगावे लागेल. आज आपण जे व्हायोलिन ओळखतो त्याची आखणी इटलीतील क्रेमोना येथे सोळाव्या शतकाच्या मध्यास आंद्रेआ आमाती याच्या हातून पक्की झाली. फ्रान्सचा राजा नववा शार्ल याच्या दरबारासाठी त्याने केलेली काही वाद्ये आजही शिल्लक आहेत. पुढच्या दोन पिढ्या ही विद्या जवळजवळ एका घराण्यापुरतीच राहिली. 1630 च्या प्लेगने क्रेमोना उद्ध्वस्त केले. आमाती घराण्यातील निकोलो तेवढा कारागीर म्हणून उरला, आणि मागणी पुरी करण्यासाठी त्याने बाहेरच्या मुलांना शागीर्द म्हणून घरात घेतले. ग्वार्नेरी घराण्याचा मूळपुरुष आंद्रेआ हा याच घरात शिकला. अंतोनिओ स्ट्रॅडिव्हेरी (इ. स. 1737 मध्ये निधन) त्याच वातावरणात वाढला. बंद घराण्याची विद्या उस्तादाने परक्याच्या मुलाला दिली म्हणून ती टिकली, हे कोल्हापुरात निराळे समजावून सांगायला नको. इथे अल्लादियाखाँसाहेबांची गायकी कोणाकोणापर्यंत पोहोचली, हे देवल क्लबच्या श्रोत्यांना ठाऊक आहे.

विशेष म्हणजे, स्ट्रॅडिव्हेरीच्या हयातीत आणि नंतरही बराच काळ युरोपात अधिक मान होता तो टायरोलमधील आब्साम गावच्या याकोब श्टाइनर याच्या उंच घुमटाच्या, म्हणजे फुगीर फळीच्या, व्हायोलिनांना. त्यांचा नाद गोड, पण लहान खोलीपुरता. सभागृहे मोठी होत गेली, वाद्यवृंद वाढले, 1782 मध्ये व्हिओत्ती या वादकाने पॅरिस गाजवले, आणि मग चपट्या घुमटाच्या, दूरवर आवाज फेकणाऱ्या क्रेमोनाच्या वाद्यांकडे सगळे वळले. त्याच सुमारास जुन्या वाद्यांच्या माना काढून अधिक लांब व अधिक कलत्या माना बसवण्यात आल्या आणि आतली आधारपट्टीही मोठी करण्यात आली. आज मंचावर वाजणारे जवळजवळ प्रत्येक स्ट्रॅडिव्हेरियस असे एकदा उघडून बदललेले आहे. म्हणजे ज्याला आपण त्या उस्तादाचा नाद म्हणतो, त्यात नंतरच्या अनेक अनाम दुरुस्ती-कारागिरांचे हात मिसळलेले आहेत.

आता आपल्या वाद्याकडे वळू. ते बहुधा जर्मनीच्या सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खेन आणि सीमेपलीकडचे बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) शोनबाख या पट्ट्यातले असावे. धर्मछळामुळे बोहेमियातून पळून आलेल्या प्रोटेस्टंट कारागिरांनी मार्कनॉयकिर्खेन येथे 1677 मध्ये आपला संघ स्थापन केला. दोनशे वर्षांत तेथे जे उभे राहिले त्याला कारखाना म्हणता येणार नाही. हुपरीत चांदीचा एक पैंजण जसा अनेक घरांतून फिरून पुरा होतो, तसे तेथील व्हायोलिन होते. एका घरात फक्त माना व त्यांच्या टोकाची वेटोळी कोरली जात, दुसऱ्यात पाठी, तिसऱ्यात बाजूच्या पट्ट्या वाकवल्या जात, कुठे खुंट्या, कुठे वाजवायचे गज. आठवड्याअखेर हे सुटे भाग डोक्यावरून-पाठीवरून व्यापाऱ्याच्या दारी जात, जोडणारे जोडत, रोगण देणारे रोगण देत, आणि चिठ्ठी शेवटी लागे. व्यापार एवढा वाढला की 1893 मध्ये त्या लहानशा गावात अमेरिकेने आपले वकिलातीचे कार्यालय उघडले. नफा व्यापाऱ्याचा आणि मजुरी घरच्यांची, हा हिशेब तेथेही तोच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर शोनबाखच्या जर्मनभाषक कारागिरांना देश सोडावा लागला. त्यांतील बरेच जण बव्हेरियातील बुबेनरॉयट या खेड्यात वसले आणि तेथे त्यांनी तोच धंदा पुन्हा मांडला. बव्हेरियातील मिटेनवाल्ड आणि फ्रान्समधील मिरकूर ही याच व्यवसायाची दुसरी दोन मोठी गावे. पॅरिसचा थोर कारागीर व्हुइलोम हा मिरकूरचाच. स्ट्रॅडिव्हेरी आणि ग्वार्नेरी यांच्या वाद्यांच्या त्याने उघडपणे केलेल्या प्रतिकृतींना आज स्वतःची प्रतिष्ठा आहे. कोणाची नक्कल केली यापेक्षा ती किती समजून केली, याला या व्यवसायात अधिक मोल आहे.

वाद्य कोणत्या गावचे, हे कागद न वाचता कसे ओळखावे? एक बारीक एलईडी दिवा वरच्या फळीवरील एफ-छिद्रातून (इंग्रजी f च्या आकाराच्या छिद्रातून) आत सोडावा आणि दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा वापरून वरच्या फळीची आतली बाजू पाहावी. घोडीच्या डाव्या पायाखाली लांबट आधारपट्टी दिसेल. चांगल्या वाद्यात ती वेगळी घडवून सरसाने चिकटवलेली असते. स्वस्त सॅक्सन वाद्यात मात्र फळी पोखरताना मधला भाग तेवढा ठेवून त्यालाच पट्टीचा आकार दिलेला असतो. तिच्या आसपास गोल पटाशीचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात, कारण छिद्रातून नजर पोहोचते तेवढीच जागा गुळगुळीत करण्याचा वेळ मजुराला परवडत असे. नंतर कमरेजवळचे चारही कोपरे पाहावेत. तेथे आत भरीव ठोकळे असले पाहिजेत. बरेचदा ते नसतातच, किंवा ठोकळा असल्याचा भास व्हावा म्हणून लाकडाची पातळ चकती तिरकी लावलेली असते. क्रेमोनाचे कारागीर आतल्या साच्याभोवती पट्ट्या वाकवीत, त्यासाठी ठोकळे आधी लागत. मिरकूरमध्ये बाहेरचा साचा वापरला जाई. सॅक्सनीत साच्याशिवाय, थेट पाठीच्या फळीवर जोडणी होई. रचनेची ही पद्धत हस्ताक्षरापेक्षा अधिक विश्वासार्ह असते. शेवटी कडेने फिरणारी काळी-पांढरी तीन पदरी रेघ भिंगाखाली पाहावी. ती लाकडात खाच पाडून बसवलेली असेल तर कडेची चीर आत सरकू देत नाही. नुसती शाईने ओढलेली असेल तर तिचा उपयोग शोभेपुरता.

या कसोट्यांत आपले वाद्य कुठे बसेल ते पाहिल्यावरच कळेल. पण आजोबा त्यावर पोट भरत होते, हाही एक पुरावा आहे. वाद्यवृंदातील वादक निकामी वाद्य फार काळ जवळ ठेवीत नाही.

फळी सुटली याचे वाईट वाटून घेऊ नये. व्हायोलिन असे घडवलेले असते की ताण असह्य झाला तर लाकूड फाटण्याआधी सांधा सुटावा. चार तारांचा एकूण ताण साधारण 22 ते 25 किलो असतो आणि त्यातील बराच भार घोडीतून जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या फळीवर उतरतो. फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, पाठ व बाजू मेपलच्या. आपल्याकडे जूनपासून हवा दमट होते तेव्हा ही लाकडे आडव्या अंगाने फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि दोन्ही लाकडांची चाल सारखी नसते. कातडी-हाडांपासून काढलेला सरस दमट हवेत थोडा मऊ पडून सांधा सोडतो, पुन्हा गरम सरस भरला की सांधा पूर्ववत होतो. तीनशे वर्षांची वाद्ये आज वाजतात ती या उघडता येणाऱ्या सांध्यांमुळे. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की फेव्हिकॉल लावू नये. एका विद्यार्थिनीचे बरे जर्मन वाद्य माझ्याकडे आले होते. कुठल्याशा दुकानात पांढऱ्या गोंदाने फळी पक्की करून दिली होती. पुढच्या उन्हाळ्यात सांधा सुटला नाही, त्याच्या शेजारून फळीच उभी चिरली. सांधा जोडण्याचे काम एका संध्याकाळचे असते. चीर जोडून आतून ठिगळे बसवण्याचे काम कित्येक दिवसांचे, आणि त्याची खूण कायमची राहते.

सरस रात्रभर पाण्यात भिजवून, भांड्यात पाणी घालून त्यात दुसरे भांडे ठेवून, साठ अंशांच्या आसपास गरम करावा. उकळला की त्याची ताकद जाते. आपल्या जुन्या सुतारांना हे सांगावे लागत नसे.

आपल्याकडच्या वादनपद्धतीमुळे दुरुस्तीचे काही प्रश्न खास आपलेच होतात, आणि युरोपीय पुस्तकांत त्यांची उत्तरे सापडत नाहीत. हे वाद्य आपल्या संगीतात दक्षिणेकडून रुळले. थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. हिंदुस्थानी संगीतात गजाननबुवा जोशी आणि व्ही. जी. जोग यांच्या पिढीने त्याला एकल वाद्याची जागा मिळवून दिली. आपला वादक मांडी घालून बसतो, वेटोळे पायावर टेकवतो, तारा षड्ज-पंचमात आणि युरोपीय पट्टीपेक्षा खाली लावतो, आणि मींड घसरती राहावी म्हणून बोटाला किंचित तेल लावतो. ताण कमी झाल्याने घोडीवरचा दाब घटतो आणि आवाज सैल होतो. अशा वाद्याला जाडसर तारा, अंमळ हलकी घोडी आणि आतल्या खांबाची जागा बदलून बसवणी करावी लागते. हा खांब म्हणजे घोडीच्या उजव्या पायामागे, फळी आणि पाठ यांच्यामध्ये नुसता दाबाने उभा असलेला सहा मिलिमीटर जाडीचा स्प्रूसचा दांडू. त्याला गोंद नसतो. तो अर्धा मिलिमीटर सरकला तरी आवाज बदलतो. तेलाचे म्हणाल तर ते बोटे फिरतात त्या पट्टीवरून फळीच्या कडेला उतरते, गजाला लावलेल्या राळेच्या भुकटीत मिसळून काळा थर धरते आणि सुटलेल्या सांध्यात शिरले की तेथे सरस धरतच नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसावे, एवढा उपाय पुरतो. स्पिरिट लावणे हा उपाय नव्हे. त्याने रोगण विरघळते.

आता मिरजेचा प्रश्न. तेथील परंपरेनुसार एकोणिसाव्या शतकात, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचे काम सुरू केले. त्यांच्या वंशजांचे आडनावच सतारमेकर झाले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी काढणाऱ्या (तारेला गुंज यावी म्हणून सतारीची घोडी घासून नेमकी करणाऱ्या) कारागिराचा कान आणि कानस यांचा जो मेळ असतो, तो व्हायोलिनची घोडी कापण्यासाठी हवा तसाच असतो. त्यामुळे हात नाहीत असे कोणी म्हणू नये. अडचण वेगळी आहे. सतारीचे लाकूड तुणीचे आणि भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. व्हायोलिनला लागणारे स्प्रूस हे उंच, थंड डोंगरात सावकाश वाढलेले, दाट रेषांचे आणि अनेक वर्षे वाळवलेले असावे लागते. इटलीतील फियेमे खोऱ्यातील अशाच लाकडाची जंगले 2018 च्या वादळात मोठ्या प्रमाणात आडवी झाली. शिवाय एक व्हायोलिन हाताने पुरे करायला साधारण दोनशे तास लागतात, आणि त्याची स्पर्धा चीनमधील हुआंगछियाओसारख्या गावातून येणाऱ्या, काही हजार रुपयांना मिळणाऱ्या वाद्याशी असते. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या व्हायोलिन कारागिरांनाही हीच स्पर्धा जाचते. गंमत अशी की हुआंगछियाओ परिसरातला धंदा मार्कनॉयकिर्खेनसारखाच वाढला: सुटे भाग, मजुरीची विभागणी आणि दूरचा ग्राहक. तेथील चांगल्या कार्यशाळांतून आज खरोखर उत्तम वाद्येही निघतात, हे नाकारून चालणार नाही.

नव्या वाद्यांबद्दलचा आपला तिरस्कार एकदा तपासून पाहावा असे मला वाटते. संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन-कारागीर जोसेफ कर्टिन यांनी 2012 मध्ये पॅरिसजवळ दहा नामांकित एकल वादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून सहा जुनी इटालियन आणि सहा नवी व्हायोलिने वाजवायला दिली. दौऱ्यासाठी कोणते निवडाल, या प्रश्नाला दहांपैकी सहा जणांनी नव्या वाद्याकडे बोट दाखवले. खुद्द क्रेमोनातही परंपरा अखंड चालत आलेली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती विझत गेली, स्ट्रॅडिव्हेरीचे साचे आणि हत्यारे काउंट कोझिओ याच्या संग्रहात गेली, पुढे जुझेप्पे फियोरिनी या कारागिराने ती विकत घेऊन 1930 मध्ये शहराला दिली, आणि 1938 मध्ये तेथे शाळा निघाली. आज ‘क्रेमोनाची व्हायोलिन-कारागिरी’ म्हणून 2012 पासून युनेस्कोच्या यादीत जे नोंदले आहे, ते मुद्दाम पुन्हा रुजवलेले रोप आहे. मिरजेच्या एखाद्या तरुण सतारमेकराने दुरुस्तीपासून सुरुवात केली तर पुढच्या पिढीत इथे वाद्य घडू शकेल, असे मी म्हणतो ते या आधारावर. कोल्हापूर-सांगली-मिरज पट्ट्यात व्हायोलिन शिकणारी मुले आहेत, त्यांची वाद्ये बिघडतात, आणि गजाचे केस बदलून घ्यायलाही पालकांना पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. दुरुस्तीला गिऱ्हाईक आजही आहे; नव्या वाद्याला ते तयार करावे लागेल.

आपण आत्ता काय करावे ते सांगतो. तारा एकदम काढू नयेत, चारही थोड्या थोड्या सैल कराव्यात. घोडी पडली आहे त्या अर्थी आतला खांबही पडला असण्याची शक्यता आहे. वाद्य हळूच हलवले की आत दांडू घरंगळल्याचा आवाज येईल. तसे असल्यास वरच्या फळीला आधार उरलेला नाही, म्हणून तारा ताणून ‘एकदा वाजवून पाहू’ हा मोह टाळावा. पेटी रंकाळ्याच्या बाजूच्या ओलसर भिंतीला टेकवून किंवा पुन्हा माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नये. पेटीत डांबराच्या गोळ्या न घालता सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या ठेवाव्यात. गजाचे केस तुटून पेटीत पडले असतील तर ते किडीने कुरतडले असण्याचा संभव आहे. पेटी उघडून एक-दोन दिवस स्वच्छ उजेडात ठेवावी, आतले अस्तर झाडून घ्यावे. गज फेकू नये. त्याची काठी ब्राझीलच्या पर्नाम्बुको लाकडाची असू शकते. 2007 पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि जुन्या वाद्यांबरोबर आलेला गज कधीकधी वाद्याहून मोलाचा निघतो. मुठीजवळ काठीवर कारागिराचा शिक्का आहे का, ते भिंगाने पाहून मगच तो कोणाच्या हाती द्यावा.

चिठ्ठी काढू नये. ती खोटी असली तरी वाद्याच्या इतिहासाचा भाग आहे, आणि तिच्या कागदावरून व छपाईवरून जाणकाराला कार्यशाळेचा माग लागू शकतो. दुरुस्तीसाठी जो कोणी वाद्य हाती घेईल त्याला आधी एकच प्रश्न विचारावा: फळी कशाने चिकटवणार? उत्तर सरस असे आले तर पुढचे बोलणे करावे.